वहिवाटीचं ऊन

परवानगी न मागता जगात सगळ्यात जास्त ठिकाणी बसलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक आमच्या मागच्या चाळीतल्या सरांकडे बोट दाखवीन. राजेमहाराजांनासुद्धा सिंहासनावर बसण्याआधी निदान पुरोहिताला मुहूर्त विचारावा लागत असेल. सरांना तेवढीही अडचण नव्हती. लग्नाच्या हॉलमध्ये वरपक्षाच्या सोफ्यावर, बँकेत मॅनेजरच्या समोरच्या खुर्चीत, न्हाव्याच्या दुकानात आरशाजवळच्या बाकावर, ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या पारावरच्या सतरंजीवर, जिथे बसावंसं वाटे तिथे सर बसत. त्यात उद्धटपणाचा लवलेश नसे. चेहऱ्यावर असा काही निरागस विसावा असे, की हा माणूस इथे आधीपासूनच होता आणि आपणच उशिरा आलो, असं समोरच्याला वाटू लागे. एकदा कल्याणला एका मुंजीत त्यांना यजमानांनीच विचारलं होतं, "जेवणाची पंगत केव्हा बसवू या?" सरांनी घड्याळ बघून वेळ सांगितली आणि पंगत खरोखर त्या वेळेला बसली.

सर ठाण्याच्या एका कॉलेजात कायदा शिकवत. निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडे घर बांधतात, गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतात किंवा नातवंडांच्या शाळेच्या बसची वाट बघत उभी राहतात. सरांना यातलं काहीच करण्यासारखं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, गावचं घर भावाकडे होतं आणि गुडघे ठणठणीत होते. तेव्हा त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक म्हणून मिळालेल्या बाई त्यांच्याच एके काळच्या विद्यार्थिनी. त्या यांना सर म्हणत आणि हे त्यांना मॅडम म्हणत. विषय होता वहिवाटीचा हक्क, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा तुम्ही उघडपणे, भांडण न करता, खंड न पडता वीस वर्षं वापर केलात, तर कायदा त्या वापराला हक्क मानतो, तो. वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा हक्क. कायद्याच्या मराठी पुस्तकांत याला सुखाधिकार असा शब्द आहे. हा शब्द उच्चारताना सर डोळे मिटून घेत. "सुखाचा अधिकार," ते म्हणत, "इंग्रजांच्या काळातल्या कायद्याला इतकं गोड नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत मिळालं असेल, असं मला वाटत नाही."

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला आमची चार मजली जुनी बिल्डिंग. आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि आमची गॅलरी मागच्या अंगणावर उघडणारी. थंडीत सकाळी त्या गॅलरीत जे ऊन येई ते वर्णन करून सांगता येणार नाही. दुधावर साय धरावी तसं ते हळूहळू फरशीवर धरत जाई. एका रविवारी दार नुसतं लोटलेलं होतं. सर आत आले, चपला नीट कडेला काढल्या, हॉल ओलांडून गॅलरीत गेले, तिथल्या वेताच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "इथलं ऊन फार चांगलं आहे." मला वाटलं, बायकोच्या माहेरचं कुणीतरी असेल. बायकोला वाटलं, माझ्या ऑफिसातलं कुणीतरी असेल. आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे त्यांना चहा दिला. ते दोन्ही चहा प्यायले, डोळे मिटून अर्धा तास बसले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी परत आले. मग रोजच येऊ लागले. हे मागच्या चाळीत एका खोलीत राहतात, त्या खोलीच्या एकुलत्या एक खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे आणि आपल्याशी यांचा काहीही संबंध नाही, हे आम्हांला कळलं तोवर त्यांच्यासाठी वेगळा कपसुद्धा ठरून गेला होता.

एकदा धीर करून मी म्हटलं, "सर, तुम्ही कधी 'येऊ का' असं विचारत नाही."

सर दचकले. "विचारू? अहो, विचारलं की सगळं संपलं! मी विचारणार, तुम्ही हो म्हणणार. म्हणजे मी तुमच्या मेहेरबानीवर आलो. मेहेरबानीतून शंभर वर्षांतही हक्क तयार होत नाही. कायदा असं बघतो की हा माणूस स्वतःचं असल्यासारखा वागला का? आणि मालकानं ते सहन केलं का? सहन करणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. तुम्ही मला सहन करता ना?"

"करतो की," मी म्हणालो.

"तेवढं पुरे. परवानगी देऊ नका." मग जरा थांबून म्हणाले, "आता तुमच्या गॅलरीतल्या खुर्चीवर असा हक्क कायद्यानं होत नाही, ते मलाही कळतं. पण माणसानं आपल्या विषयाची सवय अंगी बाणवावी."

ही सवय आम्हांला चांगलीच महागात पडली. एकदा बायको दाराशीच उभी होती. समोर सर दिसले. संस्कारच असे, की तिच्या तोंडून सहज गेलं, "या सर, बसा ना." सर उंबऱ्यावर थबकले. त्यांचा चेहरा पडला. जवळजवळ पूर्ण झालेलं चित्र पाण्याचा पेला सांडून पुसलं गेलेल्या शाळेतल्या मुलासारखे ते तिच्याकडे बघत राहिले. "वहिनी," ते अगदी खोल आवाजात म्हणाले, "तुम्ही माझी सगळी वर्षं पाण्यात घातलीत," आणि आल्या पावली परत गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केल्यासारखे आत आले आणि कुणाकडेही न बघता खुर्चीत बसले. तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला. सर आले की कुणी 'या' म्हणायचं नाही, 'बसा' म्हणायचं नाही, निघाले की 'येत जा' म्हणायचं नाही. नवखा पाहुणा घरात असला की त्याला आमच्या उद्धटपणाचं भारी नवल वाटे. स्वयंपाकघरातून बायको विचारी, "कोण आलंय?" आणि मी म्हणे, "कुणी नाही, सर आहेत."

या विषयापायी सरांनी काय काय केलं याची गणती नाही. आमच्याकडून स्टेशनकडे जायला एका बंद कारखान्याच्या आवारातून पायवाट होती. कुणीतरी तिथे भिंत घातली. लोकांनी चार दिवस शिव्या दिल्या, पाचव्या दिवशी लांबचा रस्ता धरला आणि विषय संपला. सरांचा संपला नाही. वापरात अडथळा आल्यावर माणूस गप्प बसला तर त्यानं तो मान्य केला असं धरतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते रोज सकाळी त्या भिंतीपर्यंत चालत जात, तिच्यावर हात टेकत, मोठ्यानं "हरकत आहे!" असं म्हणत आणि परत फिरत. पलीकडच्या वॉचमनला सुरुवातीला वाटलं, म्हातारा नवस फेडतोय. मग त्याला सवय झाली. सर दिसले की तोच आतून ओरडे, "हरकत आहे ना, सर?" एकदा सर तापाने पडले होते तर तो वॉचमन चौकशी करत चाळीत आला. सरांना त्याच्या येण्याचा आनंद झाला, पण लगेच काळजीने विचारलं, "तुम्ही माझ्या वतीनं हरकत घेतली नाहीत ना? नाही, तुम्ही त्या बाजूचे नोकर आहात, ते चालायचं नाही."

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते होते. खरं म्हणजे ते मागच्या चाळीतले, आमच्या सोसायटीचे सभासद नव्हेत. कुणीतरी चुकून त्यांना घेतलं आणि काढायचं राहिलं. "आता वहिवाट झाली," सर म्हणाले. सकाळी सगळे फुलांची चित्रं आणि सुविचार पाठवत, तेव्हा सर कोर्टाचा ताजा निकाल पाठवत. वर लिहीत, 'सुप्रभात. परिच्छेद अकरा अवश्य वाचावा.' कुणी वाचत नसे. पण सर तोच निकाल गॅलरीत सांगायला लागले की ऐकतच राहावं. त्यात कलमं कमी आणि माणसं जास्त. कुठल्यातरी तालुक्यातली एक विधवा बाई, तिच्या चुलीच्या वरचा झरोका, शेजाऱ्याने चढवलेला मजला आणि त्या झरोक्यातून यायचा थांबलेला उजेड, असं ते सांगत. "मॅडम म्हणतात, हल्ली कायद्याचं संशोधन लायब्ररीत बसून होत नाही, लोकांत जावं लागतं," ते सांगत. "अगदी खरं आहे. निकाल पुस्तकात छापतात, पण तो लागतो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात." मग या लोकांत जाण्याच्या नादात ते ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोजवळ एका चहावाल्याच्या बाकावर दिवस दिवस बसत. बाक कुणाच्या जागेत, चहावाला किती वर्षं, कुणी उठवलं का, असं विचारत. चहावाला बिचारा मागच्या दुकानदाराचे उपकार मानणारा होता. सरांनी त्याला बजावलं, "उपकार मनात माना, बोलून दाखवू नका."

आणि मग ते गॅलरीत येऊन डोळे मिटत. अर्धं वाक्य बोलून मध्येच मिटत आणि बऱ्याच वेळाने उघडून उरलेलं वाक्य पुरं करत. बायको म्हणे, "झोपलेत." मी म्हणे, "संशोधन चाललंय." खरं सांगायचं तर त्यांच्या शेजारी बसून मलाही काही सुचेनासं होई. खाली अंगणात ऊन पसरलेलं असे. ते अंगण मालकीनं आमच्या सोसायटीचं, पण त्याचा खरा उपयोग मागच्या चाळीतल्या बायका करत. थंडी सरली की तिथे कुरडया, सांडगे, उडदाचे पापड यांचा मोसम सुरू होई. पहाटेच गव्हाचा चीक शिजवल्याचा वास वर येई. प्लॅस्टिकचे लांब कागद अंथरले जात, त्यावर सोऱ्यातून पांढऱ्या कुरडया एकीला लागून एक अशा पडत जात, आणि दहाच्या सुमाराला वरून बघावं तर सगळं अंगण त्यांनी भरून गेलेलं असे. कावळे हाकलायला एखादी बाई काळी छत्री उघडून मध्येच ठेवी. कडेला कुणी तान्ह्याला तेल लावून उन्हात धरलेलं असे. भिंतीला टेकून एखादे आजोबा पाय लांब करून बसलेले असत. वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडला तर तेवढाच आवाज. अशा वेळी सर डोळे न उघडता म्हणत, "हे बघा, माझा प्रबंध खाली वाळत पडलाय."

या सगळ्या बायकांच्या पुढारी म्हणजे सरांच्या शेजारच्या खोलीतल्या काकू. नवरा गेल्यावर काकूंनी या पापड-कुरडयांवरच दोन मुली शिकवल्या. वर्षभराचा माल त्या चार उन्हाच्या महिन्यांत करून ठेवत आणि ठाणे-कल्याणच्या दुकानांतून तो जाई. सरांना त्या रोज एक पोळी-भाजी देत आणि सर ती न विचारता घेत, त्यामुळे त्यांचं छान जमायचं.

आमची बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मलाही झाला. गुडघे माझे काही सरांसारखे ठणठणीत नाहीत, मला लिफ्ट हवी होती. बिल्डरच्या माणसानं रंगीत चित्रं दाखवली. टॉवर, झाडं, झाडांखाली हसणारी गोरी माणसं. चित्रात अंगण कुठे दिसेना. तेव्हा कळलं की पार्किंगचे मजले थेट मागच्या कुंपणापर्यंत जाणार आहेत. अंगण त्याच्या पोटात जाणार आणि त्यापुढे चाळीला ऊन मिळालंच तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मिळणार.

काकू आमच्याकडे आल्या त्या दिवशी सर गॅलरीतच होते. काकू रडल्याबिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ऊन गेलं तर मी काय करू, ते सांगा. पंख्याखाली कुरडई वाळत नाय." सर खुर्चीतून उठले. मी त्यांना असं झटकन उठताना प्रथमच पाहिलं. "काकू, तुम्ही अंगण किती वर्षं वापरताय?"

"सासूबाईंपासून. थोरलीचा जन्म नव्हता तेव्हापासून."

"उघडपणे?"

"लपून कुरडया घालतात होय?"

"कुणी कधी अडवलं?"

"नाय. कोण अडवणार?"

सर माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर पुस्तकात वाचलेला हक्क त्यांना समोर नऊवारीत उभा दिसत होता. पुढचे दिवस त्यांनी नुसती धावपळ केली. मॅडमना फोन, ठाण्याच्या लायब्ररीत फेऱ्या, विठ्ठलवाडीला राहायला गेलेल्या जुन्या भाडेकरूंच्या भेटी. बिल्डरला आणि सोसायटीला एकत्र बसवून आधी समजुतीनं सांगायचं, नाही ऐकलं तर कोर्ट, असं त्यांनी ठरवलं. आमच्याच सोसायटीविरुद्ध ते आमच्याच गॅलरीत बसून तयारी करत होते आणि बायको त्यांना चहा देत होती. मला मनातून लिफ्टही हवी होती आणि सरांनी जिंकावं असंही वाटत होतं.

मीटिंग गच्चीवर झाली. बिल्डरचा तरुण माणूस लॅपटॉप घेऊन आला होता, सोबत त्यांचे वकील. तो म्हणाला, "सर, इश्यू एक्झॅक्टली काय आहे? आपण ॲमिकेबली सॉल्व्ह करू ना." सर उभे राहिले. आणि काय सुंदर बोलले! मी एवढ्या वर्षांत त्यांना वर्गात शिकवताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं. कलमं सांगितली, अलीकडचे निकाल सांगितले, पण सगळं असं की आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही कळावं. शहर म्हणजे नुसत्या मालकांचं नसतं, मालकांच्या भिंतींमधल्या जागेत ज्यांचा दिवस जातो त्यांचंही असतं, हे कायद्याला फार पूर्वी कळलेलं आहे, आपण विसरलो आहोत, असं ते म्हणाले. वकीलसुद्धा पेन खाली ठेवून ऐकत होते. मग सर म्हणाले, "काकू स्वतःच सांगतील." काकूंना त्यांनी काही पढवलेलं नव्हतं. पढवलेली साक्ष त्यांना अन्नात केस सापडावा तशी वाटे.

काकू पदर सावरून उभ्या राहिल्या. नव्या लुगड्याची घडी मोडलेली होती. वकील फार नम्र होते. त्यांनी एकच विचारलं, "मावशी, हे अंगण सोसायटीचं. मग तुम्ही असंच, कुणाला न विचारता वापरत होता?"

काकूंचा चेहरा लाल झाला. "न विचारता?" त्या म्हणाल्या. "आम्ही काय तशी माणसं वाटलो तुम्हाला? दरवर्षी पहिल्या पापडांचं पीठ कुटलं की वाटीभर लाट्या घेऊन मी सेक्रेटरींच्या घरी जाते. हळदीकुंकू लावते आणि विचारते, यंदा अंगण वापरू ना? ते वापरा म्हणतात, मगच पहिला पापड पडतो. सासूबाई तसंच करायच्या. विचारा यांना, हे सेक्रेटरी होते तेव्हा यांच्याकडेपण गेलेली मी. सांगा ना हो!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार? त्या लाट्यांची, तेलात बुडवून खाल्लेल्या त्या कच्च्या उडदाच्या गोळ्यांची चव माझ्या जिभेवर अजून होती. मीच तर तोंडभरून म्हणालो होतो, "वापरा की काकू, विचारायचं काय त्यात." गच्चीवरच्या प्रत्येक माजी सेक्रेटरीनं कधी ना कधी तेच म्हटलं होतं. वकिलांनी पेन उचलून कागदावर एक शब्द लिहिला. कुठला ते सांगायला नको. दरवर्षी मागितलेली आणि दरवर्षी दिलेली परवानगी. वीस वर्षं कधी सुरूच झाली नव्हती.

सर हळूच खाली बसले. काकूंना वाटलं, आपण त्यांची बाजू चोख मांडली. जवळ जाऊन त्यांनी विचारलं, "बरोबर बोलले ना, सर?"

सरांनी त्यांच्याकडे वर पाहिलं. "अगदी बरोबर बोललात, काकू," ते म्हणाले. "याहून बरोबर मलासुद्धा बोलता आलं नसतं."

त्यानंतर सर आमच्याकडे यायचे थांबले. गॅलरीत ऊन येई आणि रिकाम्या खुर्चीवर बसून निघून जाई. बायको त्यांचा कप रोज विसळून पालथा घाली. बोलावलं तर परवानगी होईल म्हणून बोलावताही येईना! अशी चमत्कारिक अडचण जगात दुसऱ्या कुणाला आली नसेल. सामानाची बांधाबांध सुरू झाली तेव्हा एका सकाळी ते आले, बसले. बराच वेळ खालच्या अंगणाकडे बघत राहिले. शेवटच्या कुरडया वाळत होत्या.

"मॅडमना सगळं सांगितलं," ते म्हणाले. "मला वाटलं, प्रबंध बुडाला. त्या म्हणाल्या, सर, हाच तुमचा प्रबंध आहे. खरंच आहे. आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो की जो न विचारता वापरतो त्याला हक्क मिळतो. दांडगाई केलेल्याला मिळतो आणि वाटी घेऊन दारात आलेल्या बाईला मिळत नाही. विचारणाऱ्याला जागा मिळते, हक्क मिळत नाही. असं का, हे मी कधी विचारलंच नाही." मग त्यांना हसू आलं. "विचारायची सवयच नव्हती ना."

आम्ही भाड्याच्या घरात गेलो, कल्याणला. माझी वेताची खुर्ची टेंपोतून सगळ्यात शेवटी उतरवली, तिचा एक पाय वाटेत सैल झाला. घर चांगलं आहे, लिफ्ट आहे, पण ऊन दुपारनंतर हॉलच्या एका कोपऱ्यात येतं, तेही रुमालाएवढं. आमची जुनी बिल्डिंग पाडली. मागच्या कुंपणाला पत्रे लागले. काकूंनी पलीकडच्या गल्लीतल्या एका सोसायटीत लाट्या नेल्या आणि गच्ची विचारली. मिळाली. पुढच्या वर्षी मिळेल की नाही ते त्यांना पुन्हा विचारूनच कळेल. जिने चढून पिठाचे डबे वर न्यावे लागतात, असं त्या फोनवर सांगत होत्या. सर भिंतीपर्यंत जाऊन हरकत घेतात का, असं मी विचारलं. घेतात म्हणाल्या, पण आता वॉचमन त्यांना स्टूल देतो.

परवा दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर सर. बेल वाजवलेले सर मी प्रथमच पाहत होतो. थकले होते. सत्तरी मागे पडलीच आहे, पण ती आजवर दिसत नव्हती. चपला पायांतच होत्या. हातात एक वाटी, तिच्यावर स्टीलची ताटली पालथी घातलेली. "काकूंनी लाट्या दिल्यात," ते म्हणाले. वाटी माझ्या हातात दिली. आणि तिथेच दारात उभं राहून, आयुष्यात कधी न उच्चारलेले शब्द एखादं मूल पाठ म्हणतं तसे म्हणाले,

"बसू का?"

"बसा ना सर, विचारता काय" हे ओठांवर आलं होतं, मोठ्यानं आणि आनंदानं. बोललो असतो तर काही बिघडलं नसतं. पण आठवलं, की हे एकदा म्हटलं की ते माझे पाहुणे होतील. आज येतील, चहा घेतील, आणि मग कधी यायचं ते आम्ही बोलावू तेव्हा.

मी वाटी टेबलावर ठेवली, वेताची खुर्ची उचलली आणि त्या रुमालाएवढ्या उन्हात नेऊन टेकवली. सैल पायाखाली पेपरची घडी घातली. मग तिच्याकडे पाठ करून कपाट आवरायला लागलो. मागे चपला काढल्याचा आवाज झाला, मग वेत करकरलं.

आतून बायकोनं विचारलं, "कोण आलंय?"

"कुणी नाही गं," मी म्हणालो, "सर आहेत."

आत भांड्यांचा खणखणाट झाला. ती तो कप शोधत असणार, अजून कुठल्यातरी खोक्यात होता. सरांनी डोळे मिटले होते. चेहऱ्यावर अर्ध्या भागात ऊन होतं. "म्हणजे आजपासून धरायची का वीस वर्षं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"आजपासून," मी म्हणालो.

ते हसले आणि पुढे काहीतरी बोलायला लागले, पण वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ऊन भिंतीकडे सरकायला लागलं तसा मी पडदा अगदी टोकापर्यंत बाजूला केला. बायकोनं आणून ठेवलेला चहा गार होत होता. सरांचं संशोधन चालू होतं.